गुरुवारचा तास

रोझी भिंगारदिवेला दोन्हीकडून होकार आला तो एकाच आठवड्यात. एकाहत्तरचा जून होता. नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गणित मिळत होतं आणि मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगला जागा.

तिचे वडील दानीएल मास्तर प्राथमिक शाळेत शिकवायचे. ते म्हणाले, "देवानं पोरीला डोकंच गणिताचं दिलंय. ती कॉलेजातच जाईल."

तिची आई राहीबाई त्याच दवाखान्यात बारा वर्षं आया होती. दुसऱ्या दिवशी मायलेकी गोधडी पिळत होत्या, एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. तेव्हा आई हळूच म्हणाली, "मला नाडी बघता येती, रोझे."

"तुला? कुणी शिकवली?"

"बघून बघून आली. पन मला कोन इचारतंय? पेशंट उचल, भांडं दे, लादी पूस. आकडा सांगायला डोक्यावर नर्सची टोपी लागती." मग घाईघाईनं म्हणाली, "मी आपलं सांगितलं. तू बापाचं ऐक. गनितच शिक."

आपलं मन मारून हे शेवटचं आई म्हणाली नसती, तर रोझी गणितालाच गेली असती. तिनं नर्सिंग घेतलं. दानीएल मास्तरांनी कॉलेजचं होकाराचं पत्र दोन दिवस खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच बाजारात जाऊन तिच्यासाठी पांढरे बूट घेऊन आले.

गणिताला गेली ती तिची मैत्रीण, घोडेगावची मालन. रोझीला गुरुवारी दुपारी सुट्टी असायची. एकदा मालन म्हणाली, "चल की माझ्या वर्गात. एवढ्या पोरांत कोण ओळखतंय?"

मागच्या बाकावर दोघी बसल्या. सर फळ्यावर एक बेरीज मांडत होते. एक, त्यात अर्धा, त्यात पाव, त्यात अर्धपाव, त्यात छटाक, दर वेळी आधीच्या निम्मं. कितीही मिळवत जा, बेरीज दोनाच्या जवळ जवळ सरकते, पण दोनाला शिवत नाही. सर पुढची ओळ लिहायच्या आधीच ती रोझीला दिसली. तिनं ती वहीत उतरवली.

तास संपल्यावर सरांनी तिला थांबवलं. "तुम्ही कोण?"

"मी या वर्गातली नाही, सर. दवाखान्यात शिकते."

त्यांनी तिची वही चाळली. "बसत जा," एवढंच म्हणाले.

मग ती दर गुरुवारी जाऊ लागली. पण दोन गुरुवारांमध्ये वर्ग पाच तास पुढे जायचा. नाताळापर्यंत फळ्यावरचं निम्मंच तिला कळत होतं. एक दिवस सर म्हणाले, "जूनमध्ये इथं प्रवेश घ्या. एक वर्ष गेलं तर जाऊ द्या. प्राचार्यांशी मी बोलतो."

आईला हे सांगायचंच, असं ठरवून ती संध्याकाळी वॉर्डात आली. तिथं जामखेडकडची एक म्हातारी नुकतीच दाखल झाली होती. रोझीनं तिचं मनगट धरलं, पण काही केल्या मोजणी जमेना. राहीबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं, हात धुतले आणि लेकीच्या घड्याळाकडे बघत तिनं म्हातारीची नाडी धरली.

"एकशे चार. अन् मदीच ठोका चुकतोय."

रोझीनं पुन्हा मोजलं. खरंच होतं. तिनं धावत जाऊन सिस्टरला सांगितलं, डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, म्हातारी सावरली. रोझीनं तक्त्यावर आईचा आकडा लिहिला. राहीबाई त्या आकड्याकडे कितीतरी वेळ बघत उभी राहिली. बारा वर्षांत आईचा असा उजळलेला चेहरा रोझीनं पाहिला नव्हता. जूनच्या प्रवेशाचं बोलणं रोझीच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

त्यानंतर गुरुवारी ती कधी कॉलेजात गेली नाही. तासभर बसून परत यायचं, हे आता तिला सोसेना. कामात मात्र ती हयगय करत नसे. दोन-तीन वर्षांत तिचं नाव झालं. इंजेक्शन रोझी सिस्टरच्याच हातचं हवं, असं पेशंट म्हणायचे, आणि ते ऐकून तिला बरंही वाटायचं.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात मालन एम.एस्सी.साठी पुण्याला गेली. तिचं पत्र आलं. खानावळीच्या तक्रारी होत्या, आणि खाली तिला न सुटलेलं एक गणित. रोझीनं ते तीनदा वाचलं. त्यातलं एक चिन्ह तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

उत्तरात तिनं आईची तब्येत लिहिली, वॉर्डातल्या गमती लिहिल्या. पत्र पाकिटात घालायला घेतलं, पुन्हा उघडलं आणि तळाशी लिहिलं: "ते दुसऱ्या ओळीतलं चिन्ह कसं वाचायचं, तेवढं कळव."