शेवटचे मत साल्मेचे

मित्रांनो, विल्यांदी गावात एंडेलच्या टेबलावर माझ्याखाली एक पत्र हिवाळाभर पडून होते. हीउमा बेटावर राहणाऱ्या त्याच्या बहिणीचे, साल्मेचे. तो ते उचलायचा, वाचायचा आणि पुन्हा माझ्याखाली सरकवायचा.

मी एक जुना कार्डवाचक आहे. आमच्या एस्टोनियात माझे भाऊबंद घरोघरी आहेत. माझ्या फटीत ओळखपत्र सरकवायचे, मला संगणकाला जोडायचे, गुप्त अंक दाबायचे, की घरबसल्या मत देता येते. मत कुलूपबंद होऊनच बाहेर पडते. गुप्त अंक मात्र ज्याचे त्याने सांभाळायचे.

एंडेल वाचनालयातून निवृत्त झालेला. मत दिले की त्याला वाटे, चुकलेच आपले. मग दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मत देई. ते चालते, शेवटचे तेवढे मोजतात. शेजारीण वाइके कॉफीला आली की विचारी, "आज कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा," तो पुटपुटे.

"बायको निवडतानाही असाच घोळ घातलास, म्हणून एकटा राहिलास!"

त्या घोळापायी माझी फट सैल झाली, पण माझ्याइतके काम कोणत्या कार्डवाचकाला मिळाले असेल?

साल्मेने लिहिले होते, "नातीचा जुना संगणक माझ्याकडे आहे, पण जावई कार्डवाचक त्याच्या खणात ठेवतो. मतदान आलं की काढतो आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहतो. 'दाबा इथं,' म्हणतो. मी दाबते. त्याच्याच घरात राहते ना! तू शिकलेला आहेस. मी काय करू?"

आपण कोण सांगणारे, असे एंडेलला वाटे. तिच्या घरात भांडण लागले तर?

मतदान आठवड्यावर आले. त्या दिवशी वाइकेने कप ठेवायला मला उचलले आणि पत्र दिसले. एंडेलनेच ते तिच्यापुढे केले.

"अरे, याचं उत्तर तुझ्याइतकं कोणाला येतं? तू दर वेळी तेच करतोस!"

"मी घाबरून करतो, वाइके."

"तीही घाबरलेलीच आहे. लिही."

एंडेलने लिहिले, "साल्मे, त्याच्यासमोर तो सांगेल ते दाब. तो मासे धरायला गेला की दार लावून पुन्हा मत दे. शेवटचंच मोजतात. तेही जमलं नाही, तर रविवारी शाळेत जाऊन कागदावर दे; मग आधीचं रद्द होतं. गुप्त अंक बदल. माझा कार्डवाचक सोबत पाठवतोय. उशीर केला, रागावू नकोस."

मग त्याने मला लोकरी मोज्यात गुंडाळले.

"आणि तू रे?" वाइकेने विचारले.

"मी रविवारी शाळेत जाईन."

"कागदावर एकदाच देता येतं हं! जमेल?"

"बघू," तो म्हणाला.

मित्रांनो, आमच्या फटीतली धूळ अधूनमधून पुसत जा. आणि मत देणाऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहू नका. त्याला एकटे असू द्या.

पोस्टाच्या पेटीपाशी एंडेलचा हात थबकला. त्याने पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला. मग मी पत्रासह आत पडलो.