राजाचं डोकं न्हाव्याच्या खुर्चीत

बाहुल्यांच्या खेळात राजाचं डोकं धडावेगळं ठेवतात. खेळ संपला की काढायचं, फडक्यात गुंडाळायचं, वेगळ्या पिशवीत. थोरल्या बाईंचा हा चाळीस वर्षांचा शिरस्ता. आणि सुनेनं ती पिशवीच न्हाव्याच्या दुकानात विसरून यावी!

"राजाच्या मिशीला केस लावून घ्यायला गेले होते, आई. बोलता बोलता राहिलं."

"तुझं डोकं मानेला चिकटलंय म्हणून बरं, नाहीतर तेही तिथंच राहिलं असतं!"

रविवारच्या खेळावर सगळं टांगलेलं होतं. निम्म्या खुर्च्या भरल्या नाहीत तर हॉल दुसऱ्याला देणार, असं मालक तोंडावर सांगून गेला होता. ढोल वाजवत फिरावं तर लोकांच्या खिडक्या बंद. मागं सुनेनं अख्खा खेळ मोबाइलवर टाकला, तो लोकांनी घरबसल्या बघितला आणि हॉलकडे चिटपाखरू फिरकलं नाही. "दारातच पोट भरलंस, मग आत जेवायला कोण येईल?" बाईंनी तेव्हाच सुनावलं होतं.

तणतणत त्या दुकानाशी पोचल्या, तर दारात ही गर्दी! न्हाव्यानं मडक्याएवढं ते डोकं खुर्चीत बसवून गालांना साबण फासला होता. पोरीबाळी हसत फोटो काढत होत्या.

"मावशी, याचं धड कुठंय हो?" एकीनं विचारलं.

बाईंच्या ओठांवरची शिवी तिथंच विरली. शाळेचं तोंड दोनच वर्षं पाहिलेलं, पण माणसांची तोंडं त्यांना चांगली वाचता येत.

"रविवारी सहाला हॉलवर ये. वाट बघत बसलंय."

पिशवी न घेताच त्या घरी आल्या. "सूनबाई, डोकं उद्या शिंप्याकडे, परवा दाताच्या डॉक्टरकडे. तू फक्त पाटी लिही, धड कुठं आणि कधी भेटेल तेवढी. पुढचं एक अक्षर फोडलंस तर बघ!"

डॉक्टरपुढे आ वासून बसलेला राजा लोकांनीच मोबाइलवरून घराघरांत पोचवला.

रविवारी खुर्च्या संपल्या. मालकाला स्वतःच्या खोलीतली खुर्चीही आणून द्यावी लागली. पडदा वर गेला. सिंहासनावर नुसतं धड.

"डोकं! डोकं!" अख्खा हॉल ओरडू लागला.

बाई मधल्या वाटेनं पिशवी पोटाशी धरून निघाल्या. भिंतीला टेकून उभ्या मालकानं विचारलं, "ही अक्कल कुणाची?"

"दोघींची. विसरली ती, आणलं नाही मी. आता सरका, महाराज आलेत."

डोकं धडावर खटकन बसलं आणि टाळ्यांत ढोलसुद्धा ऐकू येईना.