बिननावाचे ठसे

मनुष्य गेल्यावर त्याच्या देहावर मातीचा हक्क असतो आणि नावावर आप्तांचा. या दोहोंविषयी वडीलधाऱ्यांनी पुरेसे सांगून ठेवले आहे. परंतु ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या विस्मरणातून वेचून काही जमविले, त्या संचयाचा धनी कोण? आणि पत्नीने श्रद्धेने केलेल्या कृतीनेच त्या संचयाची वाचा गेली, तर तिने मौन राखून पतीची विश्रांती जपावी, की खरे बोलून त्याचे श्रम? १९७४ सालच्या श्रावणात सोलापुरातील बाळीवेशीत सावित्रम्मांच्या दारी हा प्रश्न येऊन बसला होता. त्यांना मात्र तो प्रश्न वाटत नव्हता. त्या दिवसांत त्यांना काहीच वाटत नव्हते.

त्यांचे यजमान सिद्धलिंगप्पा मास्तर माघात गेले. पेशाने शाळामास्तर, पण तीस वर्षे सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यांनी गावोगावच्या कोरीव दगडांना दिला. दगड धुवायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, कुंचल्याने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत शिरवायचा आणि मग शाईच्या पुरचुंडीने हलके टिपत जायचे. काळ्या कागदावर पांढरी अक्षरे उमटत; हाच ठसा. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी कोणी कोणत्या देवाला कोणते शेत दिले, हे त्या कागदावरून मास्तर घडाघडा वाचीत. सावित्रम्मांना मूलबाळ नव्हते; त्या बरोबर जात. विहिरीचे पाणी शेंदणे, दगडावरचा शेंदूर निपटणे, वाऱ्यात कागदाचे कोपरे धरणे ही त्यांची कामे. पुरचुंड्याही त्यांच्याच विरलेल्या लुगड्यांच्या असत.

एकदा एका गावात मास्तरांनी लेख वाचून दाखविला आणि आठ दिवसांत कोणी गुप्तधनाच्या आशेने तो दगड उलथून खाली पुरुषभर खड्डा खणला. तेव्हापासून मास्तर ठशावर गावाचे नाव घालीनासे झाले. ठशावर नुसता आकडा. कोणत्या आकड्याचा दगड कोणत्या गावी, कोणत्या बांधावर, हे एका तांबड्या पुठ्ठ्याच्या चिमुकल्या वहीत. ती वही सदऱ्याच्या आतल्या खिशात, गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीला लागून असे. घरातून निघताना सावित्रम्मा उंबऱ्याशी विचारीत, "वही घेतली?" मास्तर छातीवर हात ठेवून मान हलवीत. तीस वर्षांत हा संवाद एकदाही चुकला नाही.

माघातल्या त्या सकाळी लिंगायत रिवाजाप्रमाणे मास्तरांना स्नान घालून, भस्म लावून, भिंतीशी बसते केले होते. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवले होते. बाहेर वाद्ये लागली, न्यायला माणसे उठली. सावित्रम्मांची नजर खुंटीवरच्या सदऱ्याकडे गेली. खिशात वही तशीच होती. हात आपोआप उठला. उपरण्याच्या घडीत, लिंगाजवळ, त्यांनी ती सारली. कोणी पाहिले नाही. मास्तर वहीसह निघाले आणि वहीसह मातीत बसले.

पुढे चैत्रात हिंदुराव आले. हे मास्तरांचे स्नेही, वाचनालयाचे कार्यवाह. वाचनालयाच्या माडीवर त्यांनी एक खोली राखली होती. गावोगाव एकट्याने इतिहास धुंडाळणारी माणसे जातात आणि त्यांच्या मागे त्यांचे कागद वाळवीच्या किंवा बंबाच्या तोंडी पडतात, ते हिंदुरावांना पाहवत नसे. एका वैद्यांच्या पोथ्या, एका पद्मशाली विणकराने लिहून ठेवलेल्या आपल्या समाजाच्या हकिकती, असे काही तेथे आधीच येऊन राहिले होते. मास्तरांची ठशांची लोखंडी पेटीही त्यांनी नेली. तीनशे बारा ठसे निघाले, सुरेख, नीट जपलेले. पण आकड्यांपलीकडे त्यांवर काही नव्हते.

दर गुरुवारी हिंदुराव येत.

"वहिनी, तांबड्या पुठ्ठ्याची वही. एवढीशी."

"बघते."

"मागच्या गुरुवारी पण 'बघते'च म्हणालात."

"मग आणखी बघते."

थोरल्या जाऊबाई अक्कम्मा शेंगा निवडता निवडता म्हणत, "बघते बघते म्हणतीस, बघतीस कुठं? भिंतीकडं?" आणि मग कानडीत, "होगली बिडु, जाऊ दे सोड. जाणारा गेला, कागद राहिले. राहू देत की."

सांगावे तर काय होईल, हे सावित्रम्मांना ठाऊक होते. समाधीवर अजून चौथरा चढला नव्हता. माती नुसती दाबलेली होती. कोणीतरी म्हणेल, उघडा. मास्तरांना बसल्या जागेवरून कोणी हलवील. एवढा एकच विचार त्यांच्या मनात निश्चित होता, बाकी सारे कापूस घातल्यासारखे. गिरणीचा भोंगा झाला की उठावे, भोंगा झाला की जेवावे. भाकरीला चव नव्हती, आणि नाही याचे दुःखही नव्हते.

श्रावणातल्या दुसऱ्या गुरुवारी हिंदुराव ओट्यावरच उभे राहिले. "वहिनी, वाचनालयाच्या मंडळाचा निर्णय झाला. कपाट एकच शिल्लक आहे, आणि मोडी दफ्तरांची दोन गाठोडी दाराशी येऊन पडलीत. ज्या कागदांचा ठावठिकाणा नाही ते ठेवून उपयोग काय, असं सगळ्यांचं म्हणणं. मी भांडलो. पुढच्या गुरुवारपर्यंत वही मिळाली तर ठीक. नाहीतर पेटी परत आणून देतो." त्यांचा आवाज खाली आला. "परत येऊन या ओलीत ती किती दिवस टिकेल, हे तुम्हांला सांगायला नको."

सावित्रम्मांनी मान हलविली. त्यांनी खरेच ऐकले, की केवळ मान हलविली, हे हिंदुरावांना कळले नाही.

मंगळवारी बाजारच्या दिवशी ओट्यावरून हाक आली. "मास्तर हायत का?"

तो येडू होता, सांगोल्याकडचा धनगर. मेंढरे घेऊन चारी दिशा हिंडणारा हा माणूस मास्तरांचा वाटाड्या. कोणत्या माळावर कोणता लिहिलेला दगड आहे हे मेंढक्याइतके कोणाला ठाऊक असणार? अंग घासायला मेंढरांना दगडच लागतात. खांद्यावर नवी काळी घोंगडी होती.

"नाहीत," सावित्रम्मा म्हणाल्या.

"कवा येतील?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ त्यांच्यावर अद्याप आली नव्हती. गावाला सारे ठाऊक होते. "येणार नाहीत, येडूअण्णा. माघात गेले."

येडू ओट्याच्या कडेला बसला. मुंडासे काढून त्याने मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "ही घोंगडी त्यांनीच सांगितली व्हती. कागदाखाली हातराया. दोन वरसं झाली. लई उशीर केला मी."

"इतके दिवस आला का नाहीत?"

"त्वांड नव्हतं." त्याने पायाच्या अंगठ्याकडे पाहत सांगितले. "बाभूळबनाच्या माळावर त्यो उबा दगड व्हता की, वर चांद-सूर्व्या अन् खाली गाय-वासरू? दुष्काळात आमी रस्त्याच्या कामाला व्हतो. मुकादम म्हनला, फोड, खडी कर. मी म्हनलं, लिवलेला दगड हाय ह्यो, आमचं मास्तर लई जपत्यात त्याला. त्यो म्हनला, लिवलेला आसूदे न्हाय तर कोरा, तुजी पाटी आज मोकळी दिसतीया. फोडला बाई मी. माज्या हातानं. आज म्हनलं, जाऊन सांगावं, काय शिव्या द्यायच्या त्या देतील. तर ऐकायला मानूसच न्हाय."

शिव्या मास्तरांनी कोणाला दिल्या नव्हत्या. ते फक्त गप्प होत, आणि ते गप्प होणे शिव्यांहून जड असे. मग स्वतःचाच आवाज सावित्रम्मांना लांबून आल्यासारखा ऐकू आला.

"येडूअण्णा, त्यांची ती वही मीच त्यांच्याबरोबर दिली. मातीत. कोणाला सांगितलेलं नाही."

त्यांना वाटले होते, हे शब्द बाहेर पडले की काहीतरी तुटेल. काहीच तुटले नाही. समोरच्या घरात मागाचा खटका चालला होता तसाच चालत राहिला.

येडू म्हणाला, "बरूबरच हाय की. वहीबिगार मास्तर कुटं गेलेत कदी?" आणि डोके खाजवून म्हणाला, "पर वहीत व्हतं तरी काय?"

"गावांची नावं. कुठला ठसा कुठला, ते."

"आँ? एवढंच? मग वही कशाला पायजे? मेंढरं काय वही बगून चरत्यात? मला ठावं हाय, तुमास्नी ठावं हाय. दगड धुतला कुनी? तुमीच की."

सावित्रम्मांना हे सुचलेच नव्हते. मास्तर जे जाणत ते ज्ञान, आणि आपण जे केले ते पाणी भरणे, अशी त्यांची जन्माची समजूत होती.

त्याच दुपारी दोघे वाचनालयाची माडी चढले. हिंदुराव पेटीला दोरी आवळीत होते. सावित्रम्मांनी बसण्यापूर्वीच सांगितले, जसे घडले तसे, एकही शब्द न गाळता.

हिंदुरावांनी चष्मा काढला. "चौथरा झाला का वहिनी?"

"नाही अजून."

ज्याची भीती होती तो प्रश्न आला होता. हिंदुराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर रिक्षा गेल्या, सायकली गेल्या. मग ते वळले. "तो विचार माझ्या मनात आला, हे तुमच्यापासून लपवीत नाही. तो आता गेला. पुन्हा त्याचं नाव निघणार नाही, माझ्याकडून नाही आणि मंडळाकडूनही नाही." त्यांनी दोरीची गाठ सोडली. "बसा. पहिला ठसा काढतो."

येडूने घोंगडी अंथरली. मास्तरांनी ज्या कामासाठी ती सांगितली होती, त्याच कामाला ती आली. तिच्यावर एकेक काळा कागद पसरला जाऊ लागला.

"ही गाय बगा की! वासराला पाजतीया का लाथ मारतीया, म्हनून मास्तर अन् मी दिसभर भांडलोय. ही वडाच्या हाळावरची, गुरं पानी पित्यात तितली, बोरेवस्तीची."

"मग पाजते की लाथ मारते?" हिंदुरावांनी लेखणी थांबवून विचारले.

"लाथच मारतीया. मास्तर भल्या मनाचं, त्यास्नी पाजताना दिसायची."

सावित्रम्मा अक्षरे वाचू शकत नव्हत्या. त्यांनी कागदाच्या कडा पाहिल्या. एका ठशाचा कोपरा दुमडून फाटला होता. "हा माझ्या हातून सुटला. मोठं वारं होतं. ते रागावले."

"मास्तर आणि रागावले?"

"बोलले नाहीत. अक्कलकोट येईपर्यंत. तिथं उतरल्यावर म्हणाले, चहा घेतेस? या दगडाचं गाव त्या वाटेवरचं, दोन विहिरींचं. नाव सांगते, आठवू द्या."

नाव आठवले. एका ठशावर शाईचे ठिपके जाड होते. ती विरलेल्या इरकली लुगड्याची पुरचुंडी, ते लुगडे फाडले ते अक्कम्मांच्या लेकीच्या लग्नाचे वर्ष, म्हणजे त्या साली फक्त भीमेकाठची गावे झाली होती. असे धागे लागत गेले. काही ठशांना लागले नाहीत. येडू म्हणे, "न्हाय ठावं," आणि सावित्रम्मा म्हणत, "त्या वेळी मी आजारी होते." हिंदुराव तेथे 'स्थान अज्ञात' असे लिहीत, अंदाजाने एकही नाव घालीत नसत.

गुरुवारी मंडळाचे लोक आले तेव्हा अठ्ठेचाळीस ठशांना गावे मिळालेली होती. त्यांनी ती यादी पाहिली, घोंगडीवर बसलेल्या त्या दोघांना पाहिले, आणि कपाटाचा विषय काढला नाही. मोडीची गाठोडी हिंदुरावांच्या घरी गेली.

काम भाद्रपदभर चालले. येडू बाजाराच्या दिवशी येई. सावित्रम्मा रोज येत. तीनशे बारांपैकी दोनशे सत्तावीस ठशांना ठिकाणे लाभली. एकशे एकेचाळिसावा कागद पसरला. वर चंद्र-सूर्य, खाली गाय-वासरू.

"बाभूळबन," सावित्रम्मा म्हणाल्या.

"दगड सध्या कोठे, असा रकाना आहे," हिंदुराव म्हणाले. "'आता नाही' एवढं लिहितो."

"न्हाय. समदं लिवा," येडू म्हणाला. "दुष्काळात फोडला. फोडनारा येडू. त्यानंच सांगितलं."

हिंदुरावांनी तसेच लिहिले. सावित्रम्मांनी त्या कागदावर हात ठेवला. मास्तरांनी वाचलेला, येडूने फोडलेला तो दगड आता पृथ्वीवर फक्त येथे होता. हे त्यांना समजले. रडू यावे असे ते होते. पण आले नाही. तळहाताला शाईचा काळा डाग लागला, तो त्यांनी पुसला नाही.

शेवटी सूचीच्या पहिल्या पानावर एक ओळ उरली: 'मूळ वही कोणापाशी'. हिंदुरावांनी सावित्रम्मांकडे पाहिले.

"लिहा," त्या म्हणाल्या, "मास्तरांपाशी."

त्या दिवशी घरी जाताना त्यांना भाकरीची भूक होती की नव्हती, हे त्यांना सांगता आले नसते. पण भोंगा होण्याआधीच त्यांनी चूल पेटविली, एवढे अक्कम्मांनी पाहिले आणि ओठावर आलेला टोमणा गिळला.

जो वहीसह मातीत बसला आहे त्याची बैठक अढळ राहो. जिने ती दिली तिच्या हाताला, आणि ज्याने दगड फोडून खरे सांगितले त्याच्या हातालाही, शांती लाभो. उरलेल्या पंच्याऐंशी ठशांना ओळखणारे कोणी कधीतरी ती माडी चढून येवो. आणि येईल त्याला बसायला ती घोंगडी तेथे असो.