कोपऱ्यातला आकडा

सकाळपासून बावन्न मुलं ऐकून डॉक्टरीणबाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखती म्हणजे बावन्न वेळा "मला लोकांची सेवा करायची आहे" ऐकणं. एवढी सेवा खरंच झाली असती, तर दवाखाने ओस पडले असते.

बोलावलेली सगळी काठावरची होती, प्रवेशपरीक्षेत एकमेकांच्या पाव-अर्ध्या गुणाने मागेपुढे. ते गुण बाईंना दाखवायचे नाहीत, असा नियम होता. त्यांच्या हातात मुलाखतीचे दहा गुण, आणि कोण आत, कोण बाहेर, ते त्या दहांवर ठरायचं.

बाई स्वतः त्या परीक्षेत पहिल्या आलेल्या. तीस वर्षं झाली तरी सहकारी त्यांना 'पहिल्याबाई'च म्हणत. चेष्टेतच, पण बाईंना ते गोड लागे.

शेवटून दुसरी मुलगी तिसऱ्यांदा परीक्षा देऊन आली होती. "यंदा नाही झालं तर घरचे पुन्हा परीक्षेला बसू देणार नाहीत," तिने न विचारताच सांगून टाकलं. रुग्णाने औषध नाकारलं तर काय करशील, यावर म्हणाली, "आधी खुर्ची ओढून बसेन. आमचे आजोबा उभ्याने बोलणाऱ्याला नाहीच म्हणायचे."

बाईंनी आठ लिहिले. मग कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहिलेला ४१ दिसला; इतका वेळ कोपऱ्याकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. परीक्षेतले टक्के असणार, चुकून राहिलेले. त्यांनी आठाचे पाच केले.

शेवटच्या मुलाने पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. कोपऱ्यात ९८ होता. हुशार आहे, घाबरला असेल बिचारा, असं म्हणत बाईंनी आठ दिले, सही केली आणि पाकीट बंद करून कारकुनाकडे दिलं.

"यंदा मुलांनी बाहेर ठेवलेल्या बॅगांचा घोळ नाही झाला, मॅडम," कारकून खुशीत म्हणाला. "बॅगेच्या टोकनाचा नंबर प्रत्येकाच्या कागदावर कोपऱ्यात टाकून ठेवला होता मी."

जिन्याकडे निघालेल्या बाई परत फिरल्या. काठावरच्या मुलाला अठ्ठ्याण्णव कुठून येणार, एवढंही सुचलं नव्हतं. त्यांना स्वतःची शरम वाटली. पाय दुखत होते, घरी जायचं होतं, आणि गप्प राहिलं तर कुणाला कळणारही नव्हतं.

"भाऊसाहेब, पाकीट उघडा."

"सही झालीय, मॅडम. आता कारण लिहून द्यावं लागेल. घाईत चूक झाली म्हणा, सगळे तेच लिहितात."

बाईंनी मुलीचे आठ केले, मुलाचे पाच. मग कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'टोकनाचा नंबर मी परीक्षेचे टक्के समजले.' थोडं थांबून त्याखाली लिहिलं: 'खरेच टक्के असते, तर पाकीट उघडायला लावलं नसतं.'

कारकुनाने दोनदा वाचलं. "हे वाचल्यावर पुढच्या वर्षी तुम्हाला बोलवायचे नाहीत, मॅडम."

"बोलवूच नये," बाई म्हणाल्या.