पंचाचे लटपटते पाय

ताईचा धाकटा भाऊ फुटबॉलचा पंच. घरी सगळे त्याला शिट्टीच म्हणायचे. उभ्या जागेवरून एकदम धाव घेतली की अधूनमधून त्याचे पाय लटपटायचे, जीभ जड व्हायची. थोड्या वेळात गडी पुन्हा ठणठणीत! पण एका सामन्यात "पंच पिऊन आलाय!" अशी बोंब उठली आणि फुटबॉल संघटनेनं त्याला घरी बसवलं. आईनंही अबोला धरला.

ताई मज्जापेशींवर संशोधन करायची. तिला वेगळाच संशय आला: दोष दारूचा नव्हे, नसांचा असावा. तिनं भावाची जनुकं तपासून घेतली. मज्जापेशीनं संदेश पाठवला की तिच्या भिंतीतली बारीक दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी शांत होते. शिट्टीच्या त्या दाराच्या जनुकातच एक बदल निघाला.

"बदल नवाच दिसतोय," मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पाय लटपटतात ते या बदलामुळेच, हे कशावरून?"

ताई इरेला पेटली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत तिनं दोन्ही तऱ्हेची दारं बसवली आणि केसाहून बारीक काचेची नळी पेशीला लावून विजेचा प्रवाह मोजला. नेहमीच्या दारानं पडद्यावरची रेघ सरसर वर चढली. बदललेल्या दारानं ती जेमतेम हलली! कुठली पेशी कुठली हे न सांगता तिनं सहकाऱ्याकडून पुन्हा मोजून घेतलं. तेच! ताईनं भावाला तडक बोलावून घेतलं.

"म्हणजे माझ्या नसा शांतच होत नाहीत?"

"होतात रे, पण उशिरा. तोवर नको ते संदेश सुटत राहतात."

"मग दारूचा काही संबंध नाही?"

"काडीचाही नाही!"

शिट्टीनं आनंदानं टुणकन उडी मारली आणि व्हायचं तेच झालं. पाय लटपटले. बसकण मारून त्यानं हसत हसत फोन लावला. "आई, मी प्या... प्यायलो नव्हतो गं!"

"आत्ता तर नक्कीच प्यायलायस!" आई कडाडली.

ताईनं फोन हिसकावून सगळं समजावलं. पलीकडून आईचा रडवेला आवाज आला, "दे त्याला फोन."

डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं. झटके अगदी संपले नाहीत, पण क्वचितच येऊ लागले. अहवाल वाचून संघटनेनं त्याला परत बोलावलं. पहिल्याच सामन्यात शिट्टी वाऱ्यासारखा धावला. मागून कुणीतरी ओरडलं, "पंच आंधळा आहे!"

"तोंड सांभाळ!" आई बाकावर उभी राहून गरजली आणि ताईनं तिचा पदर धरून तिला खाली ओढलं.