नावं संपल्यावर

“ओ काका, उठा. संपला पिक्चर,” टॉर्चवाला म्हणाला.

“न्हाई संपला,” दादा म्हणाला. “नावं चाललीत अजून.”

दिवे लागले होते. संगमनेरच्या त्या टॉकीजमध्ये लोक पडद्याकडे ढुंगण करून दाराशी रेटारेटी करत होते. एकानं तर पॉपकॉर्नचा डबा आमच्या पायाशीच भिरकावला. शिसारी आली मला. पिक्चरही तसलाच भिकार, नुसता आरडाओरडा. पण शेजारच्या अकोले तालुक्यातून जीप काढून आम्ही पिक्चर बघायला आलोच नव्हतो. वहिनीला बघायला आलो होतो.

वहिनी म्हणजे सहादेवदादाची बायको, बनुबाई. मागं सिनेमावाले आमच्या गावात आले होते. ओट्यावर तांदूळ पाखडणारी वहिनी त्यांना दिसली आणि त्यांनी ती कॅमेऱ्यात घेतली. त्यांचा साहेब म्हणाला, “ही आमच्या कंपनीची निशाणी. प्रत्येक पिक्चरच्या शेवटी, सगळी नावं संपली की मावशी दिसणार.” वहिनी लाजून सुपाआड लपली होती. गेल्या आषाढात ती काविळीनं गेली. घरात फोटो आहेत, पण सगळ्यांत ती श्वास कोंडून ताठ उभी. हलतीबोलती वहिनी कुठंच नाही. दादाला ती एकदा पाखडताना बघायची होती, बस.

“दिवे बंद कर रे,” मी टॉर्चवाल्यावर खेकसलो. “तिकीट काय अर्ध्या पिक्चरचं घेतलंय?”

त्यानं तोंड वाकडं केलं, पण दिवे बंद करायला लावले.

नावं संपली. पडदा काळा झाला आणि त्यावर सूप हललं. हात वहिनीचेच. मनगटावर गोंदलेली तुळस, विळा लागून वाकडी राहिलेली करंगळी. आणि वर तोंड? कुठल्या तरी गोऱ्यापान पोरीचं, ओठ रंगवलेलं, दात काढून हसणारं! बघता बघता सगळं गेलं.

मी बाहेर येऊन साहेबाला फोन लावला.

“अहो, चेहरा जरा डल वाटत होता,” तो म्हणाला. “कंप्युटरवर बदलून घेतला. हात मात्र एकदम अस्सल, म्हणून ठेवले.”

“कोंबडी हाय काय रे ती? मुंडी फेकायची नि तंगडी ठेवायची?” मी ओरडलो. त्यानं फोन कापला. मी तिथंच त्यांच्या पोस्टरवर थुंकलो.

वळून बघतो तर दादा तिकिटाच्या खिडकीपाशी.

“दादा, आता काय बघायचं ऱ्हायलंय?”

“तू बस जीपमधी. मी येतो.”

मी कसला बसतोय? तो भिकार पिक्चर पुन्हा अख्खा सोसला. नावं संपत आली तसा दादानं एक डोळा मिटला, हात लांब केला आणि तळवा आडवा धरला, त्या पोरीचं तोंड बरोबर झाकेल असा.

तळव्याखाली सूप हललं.

“बघ गोरक्षा,” तो म्हणाला, “एक खडा ऱ्हायचा न्हाई तांदळात.”