आजच्या तारखेचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. माझे कोपरे झिजले आहेत आणि डाव्या अंगाला एक लांब चीर गेली आहे. पण माझी कीव करू नका. ती मला सोसत नाही.

सुताराने मला शाळेसाठी घडवलं होतं. शाळेच्या भिंतीपेक्षा मी लांब निघालो, म्हणून दोऱ्याच्या कारखान्यात आलो. तिथे कॅन्टीनच्या दाराशी मला टांगलं. सुरुवातीला माझ्यावर नुसती भाज्यांची नावं असत. मग हजेरी घेणाऱ्या बाईंनी खडू उचलला. सगळे त्यांना हजेरीताई म्हणत. रोज सकाळी त्या एक प्रश्न लिहीत, आजच्या तारखेला पूर्वी काय घडलं त्याचा. चंद्रावर माणूस कधी उतरला? अमुक लढाई कुणी जिंकली? उत्तर जेवणाच्या सुट्टीत मिळे. तोवर कारखानाभर नुसती वादावादी! फिटरकाका तर छातीठोकपणे चुकीचं सांगत आणि वर म्हणत, "साल चुकलं असेल, उत्तर बरोबर आहे!"

लोक माझ्यासमोर घोळका करून उभे राहत. मी फुशारून जाई.

एके सकाळी हजेरीताईंनी लिहिलं, 'आजच्या तारखेला आपल्या रंगखात्यात आग लागली होती. बायका मागच्या दाराकडे धावल्या. ते दार उघडलं का?'

त्या आगीत हजेरीताईंची धाकटी जाऊ दगावली होती. माल चोरीला जाऊ नये म्हणून दाराला बाहेरून कुलूप होतं. आणि मित्रांनो, आग विझल्यावर दार नवं बसवलं, तरी त्यालाही पुन्हा कुलूपच लावलं होतं.

मॅनेजरसाहेब तरातरा आले. "बाई, हे काय लिहिलंय?"

"आजचा प्रश्न, साहेब."

"इतिहासाचे प्रश्न विचारा ना!"

"हा इतिहासच आहे. आपल्याच घरचा."

साहेबांनी बाहीनेच मला पुसलं. ताईंनी पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात. साहेबांनी पुन्हा पुसलं. ताईंनी पुन्हा लिहिलं. खडूचा जोर इतका, की ती अक्षरं माझ्या अंगात रुतली. संध्याकाळी मला उतरवून गोदामात रिकाम्या रिळांमागे, तोंड भिंतीकडे करून उभं केलं. ताईंचीही बदली त्याच गोदामात झाली. लाज वाटावी असं मी काही केलं नव्हतं, म्हणून वाटलीही नाही. राग मात्र आला.

पण प्रश्नाला काय फळाच लागतो? दुसऱ्या दिवशी म्हणे स्वयंपाकीणकाकू प्रत्येक ताटात वाढताना विचारू लागल्या, "मागचं दार उघडलं का?" ताट घेणारा पुढच्याला विचारी. सुट्टी संपली, भोंगा झाला, पण यंत्रांचा आवाज काही आला नाही. ताईंनी हातातली रिळं खाली ठेवली. मला भिंतीपासून फिरवून, ओढत त्या रंगखात्यामागे निघाल्या.

तिथे सगळे उभे होते. साहेब ओरडत होते, "कामावर जा!"

"जातो की," रंगखात्यातली एक लेकुरवाळी म्हणाली. "आत जाऊन काम आम्हीच करायचं. बाहेर पडायचं कुठून, तेवढं सांगा."

साहेबांकडे किल्ली होती, ती ते खिशात घट्ट धरून उभे राहिले. मग फिटरकाकांनी कुलूप कापलं. दार करकरत उघडलं आणि आतला रंगाचा कोंदट वास भसकन बाहेर आला. ताईंनी पदर डोळ्यांना लावला. क्षणभरच.

"उद्या दुसरं कुलूप लावतील," कुणीतरी म्हणालं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. फिटरकाकांनी दार पूर्ण मागे नेऊन भिंतीला सपाट टेकवलं, मला अर्धं दारावर आणि अर्धं भिंतीवर आडवं धरलं आणि भलेमोठे खिळे ठोकले. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मी हूं की चूं केलं नाही.

ताईंना हजेरीचं काम परत मिळालं नाही. त्या अजून गोदामातच आहेत. रोज सकाळी खडू घेऊन माझ्याकडे येतात, प्रश्न लिहितात, आणि फिटरकाका अजून चुकतात.

मित्रांनो, फळा खुशाल पुसा. पण उत्तर मिळाल्याशिवाय प्रश्न पुसू देऊ नका. माझं म्हणाल, तर हे दार लावायचं असेल त्याने आधी मला उखडावं. खिळे आरपार गेले आहेत, आणि मी धरून आहे.